पायवाट, यंत्र आणि शिरस्त्राण : अमेरिकेतील रस्त्याबाहेरील वाहनांच्या नियमनाचा एक अभ्यास

वाहतुकीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांचे लक्ष साहजिकच रस्त्याकडे असते. रस्ता कोणी बांधला, त्यावरील जकात कोणी वसूल केली, त्याच्या काठाने बाजारपेठा कशा वसल्या, या विषयांवर आपल्याकडेही पुष्कळ लेखन झाले आहे. परंतु रस्ता जेथे संपतो तेथून पुढे वाहन नेण्याचा अधिकार कोणाला, आणि तेथे ते उलटले तर चालविणाऱ्याच्या डोक्याची चिंता कोणी वाहावी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न गेल्या पाऊणशे वर्षांत अतिशय तीव्रतेने उपस्थित झाला, आणि त्याच्या उत्तरापायी न्यायालये, काँग्रेस, राज्यांची विधिमंडळे व वाहननिर्माते हे सारेच गुंतून पडले. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील दोन धागे हाती घेतले आहेत. पहिला धागा सार्वजनिक भूमीवरील मार्गांच्या प्रवेशनियमांचा, आणि दुसरा शिरस्त्राणाचा, म्हणजे आपण नित्य व्यवहारात ज्याला हेल्मेट म्हणतो त्याचा. हे दोन धागे स्वतंत्रपणे विणले गेले, असे सामान्यतः मानले जाते. ते एकमेकांत कोठे व कसे अडकले हे दाखविणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या वाहनांविषयी येथे लिहावयाचे आहे ती अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने मोटार-वाहने नव्हतीच. १९६६ च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटार-वाहन सुरक्षा कायद्याने मोटार-वाहनाची जी व्याख्या केली तीत, मुख्यतः सार्वजनिक रस्ते व महामार्ग यांवर वापरण्यासाठी तयार केलेले यंत्रचलित वाहन, अशी मर्यादा घातली होती. रानावनांत फिरविण्यासाठी केलेले वाहन या व्याख्येबाहेर राहिले. परिणामी महामार्ग-सुरक्षेचे नियम करणाऱ्या संघीय खात्याचा त्यावर अधिकार चालेना. १९७२ साली ग्राहक-वस्तू सुरक्षा कायदा झाला व त्यान्वये एक आयोग स्थापन करण्यात आला. त्याच्या कक्षेतून मोटार-वाहने वगळली होती. जे मोटार-वाहन नव्हते ते मात्र आपोआप त्याच्या पदरात पडले. याप्रमाणे चाळीस-पन्नास मैलांच्या वेगाने धावणारे यंत्र खेळणी, शिडी आणि पाळणा यांच्या पंक्तीत जाऊन बसले. व्याख्येतील एका शब्दाने एवढे अंतर पडावे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही. तथापि या एका शब्दाची किंमत येथे माणसांच्या प्राणांनी मोजली गेली, असे म्हणणे भाग आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातील जुन्या जीपगाड्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या, आणि पश्चिमेकडील राज्यांतील हौशी मंडळींनी त्या डोंगरदऱ्यांत नेण्यास प्रारंभ केला. १९५३ साली कॅलिफोर्नियातील जॉर्जटाऊन या गावाहून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून ताहो सरोवराकडे जाणाऱ्या रुबिकॉन मार्गाने जीपगाड्यांची पहिली सामुदायिक सफर निघाली. ती पुढे वार्षिक प्रथाच झाली. त्या काळी असल्या वाटांवर कोणास मज्जाव नव्हता. किंबहुना वाट म्हणजे मोकळीच, अशी सार्वत्रिक समजूत होती, आणि तिच्या मुळाशी १८६६ चा खाणविषयक कायदा होता. या कायद्याने राखीव न केलेल्या सार्वजनिक भूमीवरून मार्ग काढण्याचा हक्क सरसकट देऊन टाकला होता. खाणमालक, गुराखी व वसाहतवाले यांनी त्याच्या आधाराने शेकडो वाटा पाडल्या. आपल्याकडील वहिवाटीच्या हक्काशी याचे साम्य वाचकांच्या सहज लक्षात येईल. पाणंदीवरून आणि शेताच्या बांधावरून चालणारे तंटे आपल्याकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तालुक्याच्या पातळीवर मिटविले जातात. अमेरिकेत तसल्याच तंट्यांनी संघराज्य आणि राज्य यांच्यामधील झगड्याचे रूप घेतले. १९७६ च्या संघीय भूमिधोरण कायद्याने जुना हक्क रद्द केला, परंतु तत्पूर्वी निर्माण झालेले हक्क अबाधित ठेवले. या एका सवलतीच्या आधारे यूटा राज्याने २०११-१२ च्या सुमारास बारा हजारांहून अधिक वाटांवर दावा सांगितला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या वाटेने गाडी गेली होती काय, याचा पुरावा देण्यासाठी वयोवृद्ध गुराख्यांच्या साक्षी नोंदविण्याची वेळ आली. मौखिक इतिहासाला न्यायालयात एवढे मोल क्वचितच आले असेल.

जीपनंतर मोटारसायकली आल्या. कॅलिफोर्नियातील बारस्टो येथून मोहावी वाळवंट ओलांडून लास व्हेगासपर्यंत जाणारी मोटारसायकलींची शर्यत १९६७ पासून भरू लागली. १९७४ च्या शर्यतीत सुमारे तीन हजार स्वारांनी भाग घेतला होता. वाळवंटाच्या जमिनीवर जी पातळ जिवंत पापुद्र्यासारखी कवची असते ती एकदा फुटली की पुन्हा बांधली जाण्यास अनेक वर्षे लागतात. त्या शर्यतीने झालेल्या हानीची पाहणी भूमि-व्यवस्थापन खात्याने केली आणि पुढील वर्षांसाठी परवानगी नाकारली. १९८३ मध्ये ती पुन्हा देण्यात आली आणि १९८९ नंतर शर्यत कायमची थांबली. १९९० साली या वाळवंटातील कासवाची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मार्गनियमांचा खरा आरंभ ८ फेब्रुवारी १९७२ रोजी झाला. त्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक भूमीवरील रस्त्याबाहेरील वाहनांविषयी आदेश क्रमांक ११६४४ काढला. त्या वेळी देशात अशी सुमारे पन्नास लक्ष वाहने असावीत, असा अंदाज आदेशाच्या प्रस्तावनेतच दिला आहे. प्रत्येक संघीय खात्याने आपल्या ताब्यातील भूमीपैकी कोणते क्षेत्र व कोणत्या वाटा अशा वाहनांना मोकळ्या आणि कोणत्या बंद, हे ठरवावे, अशी आज्ञा त्यात होती. हे ठरविताना माती, जलस्रोत व वनस्पती यांची हानी, वन्य प्राण्यांना होणारा उपद्रव आणि पायी वा घोड्यावरून येणाऱ्या इतर लोकांशी होणारा संघर्ष शक्य तितका कमी व्हावा, ही कसोटी लावावयाची होती. वाहन चालविणाऱ्यांच्या सुरक्षिततेचाही आदेशात उल्लेख आहे. परंतु तो ओझरता आहे. भूमीचे रक्षण वाहनापासून कसे करावे हे त्यात तपशिलाने सांगितले आहे, आणि स्वाराचे रक्षण कसे करावे हे खात्यांच्या मर्जीवर सोडले आहे. या असमतोलाचे परिणाम पुढे पाहावयाचेच आहेत.

पाच वर्षांनी, २४ मे १९७७ रोजी, अध्यक्ष कार्टर यांनी आदेश क्रमांक ११९८९ काढून पहिल्या आदेशाला धार आणली. जेथे लक्षणीय हानी होत असेल तेथील वाट तत्काळ बंद करण्याचा अधिकार त्याने खातेप्रमुखांना दिला. शिवाय, मोकळी म्हणून जाहीर न केलेली सारी भूमी बंदच समजावी, असे धोरण स्वीकारण्याची मुभाही दिली. येथे तत्त्वाचा प्रश्न होता. पूर्वी बंद केल्याशिवाय सर्व मोकळे असे, आता मोकळे केल्याशिवाय सर्व बंद अशी उलटी रीत येऊ पाहत होती. परंतु मुभा ही मुभाच राहिली. वनसेवेच्या ताब्यात सुमारे १९ कोटी ३० लक्ष एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या अडीचपट भूमी होती, आणि भूमि-व्यवस्थापन खात्याच्या ताब्यात त्याहूनही अधिक. एवढ्या विस्तारातील प्रत्येक वाटेची नोंद करून निर्णय देण्यास ना मनुष्यबळ होते ना इच्छा. १९७९ साली अध्यक्षांच्या पर्यावरण परिषदेसाठी डेव्हिड शेरिडन यांनी लिहिलेल्या अहवालात या दिरंगाईवर बोट ठेवलेले आहे. पंचवीस वर्षांनी, २००४ मध्ये, यूटातील एका संरक्षणवादी संस्थेने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. नियोजित वन्यक्षेत्रांत वाहनांना आवर घालण्याचे कर्तव्य खाते पार पाडत नाही, अशी तिची तक्रार होती. न्यायमूर्ती स्कालिया यांनी सर्व न्यायाधीशांच्या वतीने दिलेल्या निर्णयात असे सांगितले की, कायद्याने नेमकी कोणती कृती करावयाची हे ठरवून दिले असेल तरच ती न केल्याबद्दल खात्याला न्यायालयात खेचता येते. सर्वसाधारण कर्तव्याच्या नावाने नाही. निर्णय कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेल. परंतु त्यामुळे आदेश असूनही वाटा मोकळ्याच, ही स्थिती आणखी काही काळ टिकली, हे खरे.

तो काळ संपविला तो वनसेवेने. तिचे तत्कालीन प्रमुख डेल बॉसवर्थ यांनी राष्ट्रीय वनांपुढील चार मोठ्या संकटांत अनियंत्रित मनोरंजनाची गणना केली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये प्रवास-व्यवस्थापनाचा नियम जाहीर झाला. प्रत्येक वनाने आपल्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध करावा आणि नकाशावर जी वाट दाखविलेली नाही तीवर वाहन नेणे हा अपराध समजावा, असा त्याचा आशय होता. कार्टर यांच्या आदेशातील मुभेचे रूपांतर नियमात होण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. या नियमाच्या व्याख्यांत एक आकडा दडलेला आहे. पन्नास इंचांहून, म्हणजे सुमारे १२७ सेंटिमीटरांहून अधिक रुंद असा वाहनमार्ग म्हणजे रस्ता, आणि त्याहून अरुंद ती पायवाट किंवा ट्रेल, असे त्यात सामान्यतः धरलेले आहे. अधिक रुंद मार्गही ट्रेल म्हणून राखता येई. पण नकाशावर ‘पन्नास इंच वा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठी’ असा स्वतंत्र वर्ग रूढ झाला. या आकड्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

आता दुसरा धागा. हेल्मेटचा वैज्ञानिक इतिहास बहुधा मे १९३५ मधील एका अपघातापासून सांगितला जातो. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्याने मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे लष्करातील निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना ते सक्तीचे केले. आज आपण ज्या प्रकारचे हेल्मेट पाहतो, म्हणजे बाहेरून कठीण कवच आणि आतून आघात शोषून चिरडला जाणारा थर, त्याचे एकस्व १९५३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील सी. एफ. लोम्बार्ड व त्यांचे सहकारी यांना मिळाले. १९५६ मध्ये शर्यतीत मृत्यू पावलेल्या पीट स्नेल या चालकाच्या स्मरणार्थ पुढल्या वर्षी स्थापन झालेल्या संस्थेने हेल्मेटची चाचणी घेण्याची मानके निश्चित केली. संघीय मानक क्रमांक २१८ हे मार्च १९७४ पासून अमलात आले.

शास्त्र असे पुढे जात असता कायदा मात्र मागे सरकला. १९६६ च्या महामार्ग-सुरक्षा कायद्यान्वये मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे करणाऱ्या राज्यांनाच पूर्ण संघीय अनुदान मिळेल, अशी अट घालण्यात आली. १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी तसे कायदे केले. स्वारांच्या संघटनांनी याविरुद्ध मोठी चळवळ उभारली. आमच्या डोक्याचे काय करावयाचे ते आम्ही ठरवू, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९७६ मध्ये काँग्रेसने अनुदानाची अट काढून टाकली, आणि चार वर्षांच्या आत अर्ध्याहून अधिक राज्यांनी आपले कायदे रद्द तरी केले किंवा ते अल्पवयीनांपुरते मर्यादित केले. ‘अठरा वर्षांखालील’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून अमेरिकन हेल्मेट-कायद्यांचे जणू धृपदच होऊन बसला. रस्त्याबाहेरील वाहनांविषयी राज्यांनी पुढे जे नियम केले ते याच साच्यातून काढले. वस्तुतः रस्त्यावरील मोटारसायकल आणि रानातील चारचाकी यांत उलटण्याची रीत, वेग, भोवतालची झाडे-दगड हे सर्वच निराळे. पण विधिमंडळांनी तयार साचा पसंत केला.

या पार्श्वभूमीवर यंत्र बदलले. अमेरिकेतील होंडा कंपनीच्या विक्रेत्यांना हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत, म्हणून बर्फावर व चिखलावर चालेल असे काहीतरी करा, अशी त्यांची मागणी होती. ओसामू ताकेउची या अभियंत्याने फुगीर टायरांची तीनचाकी तयार केली आणि १९७० साली ती बाजारात आली. तिला सर्वभूमी-वाहन, संक्षेपाने एटीव्ही, असे नाव पडले. तीनचाकीचा गुरुत्वमध्य उंच आणि मागचा आस अखंड, त्यामुळे ती वळविण्यासाठी अंगाचा तोल एका विशिष्ट पद्धतीने टाकावा लागे. ही विद्या न शिकलेली मुले तिच्यावर बसू लागली. ऐंशीच्या दशकात मृत्यूंची संख्या शेकडोंनी वाढली, आणि मृतांत सोळा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे होते. आयोगाने पाच कंपन्यांविरुद्ध कारवाई केली व एप्रिल १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयात तडजोडीचा हुकूमनामा झाला. कंपन्यांनी तीनचाकी विकणे बंद करावे, प्रौढांसाठीची मोठी वाहने सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकू नयेत, खरेदीदारांना प्रशिक्षण द्यावे आणि दुसऱ्या माणसाला मागे बसवू नये, हेल्मेट घालावे, अशा सूचना वाहनावर लावाव्यात, असे ठरले. मुदत दहा वर्षांची होती. लोकांच्या घरी असलेल्या लक्षावधी तीनचाकी परत घेण्याची तरतूद त्यात नव्हती, आणि त्याबद्दल तेव्हाच टीका झाली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० सालच्या आपल्या निवेदनात सोळा वर्षांखालील मुलांनी ही वाहने मुळीच चालवू नयेत, असे मत दिले. २००८ च्या ग्राहक-सुरक्षा सुधारणा कायद्याने चारचाकी एटीव्हीचे मानक सक्तीचे केले आणि नव्या तीनचाकींची आयात बंद केली.

येथे व्याख्येचा खेळ पुन्हा सुरू झाला. हुकूमनाम्यातील एटीव्ही म्हणजे घोड्यासारखी मांड ठोकून बसावयाचे आणि हँडलने वळवावयाचे वाहन. कावासाकी कंपनीने १९८८ मध्येच ‘म्यूल’ नावाचे शेतीकामाचे छोटे वाहन विकावयास काढले होते. त्यात दोन माणसे शेजारी शेजारी बसत, मोटारीसारखे सुकाणूचाक असे, मागे ओझ्याचा हौदा असे. वेग बेताचा होता, त्यामुळे त्याची कोणी काळजी केली नाही. २००३ च्या अखेरीस यामाहाने ‘ऱ्हायनो’ हे वाहन आणले आणि शेतीचे वाहन खेळाचे वाहन झाले. माथ्यावर संरक्षक सांगाडा, कमरेला पट्टा, आणि वेग ताशी तीस मैलांच्या वर. हे वाहन ना मोटार होते ना हुकूमनाम्यातील एटीव्ही. आयोगाने त्यासाठी नवा वर्ग कल्पिला, परंतु त्याला लागू होणारे सक्तीचे मानक कोणतेच नव्हते.

ऱ्हायनो लहान वळणावर, बेताच्या वेगात, सपाट जमिनीवरही उलटत असे. उलटताना बसलेला माणूस स्वाभाविकपणे हात किंवा पाय बाहेर टेकतो, आणि तोच सांगाड्याखाली चिरडला जातो. कंपनीने २००७ मध्ये दारे व धरण्यासाठी कड्या विनामूल्य देऊ केल्या. ३१ मार्च २००९ रोजी आयोग व कंपनी यांनी दुरुस्तीची योजना जाहीर केली. तोवर आयोगाने तपासलेल्या पन्नासहून अधिक घटनांत ४६ मृत्यू झाले होते, आणि दोनतृतीयांशांहून अधिक घटना वाहन उलटण्याच्या होत्या. आता दुरुस्ती काय होती ते पाहावे. मागील चाकांच्या आसावर ५० मिलिमीटर जाडीची चकती बसवून चाके बाहेर सरकवावयाची आणि मागचा तोलदांडा काढून टाकावयाचा. सोप्या शब्दांत, वाहन रुंद करावयाचे.

याच सुमारास वनसेवेच्या नकाशांवर पन्नास इंचांच्या वाटा उमटत होत्या. ऱ्हायनोची मूळ रुंदीच सुमारे साडेचौपन्न इंच, म्हणून या वाटांवर तिला प्रवेश नव्हता. पोलारिस कंपनीने २००७ मध्ये ‘रेझर’ हे वाहन आणले ते बरोबर पन्नास इंच रुंदीचे, आणि अरुंद वाटांवर जाऊ शकते याची जाहिरातही झाली. मातीचे, झाडांचे व पायी फिरणाऱ्यांचे रक्षण करण्यासाठी वनखात्याने वाट अरुंद ठेवली. वाटेवर जाण्यासाठी निर्मात्याने यंत्र अरुंद केले. आणि यंत्र अरुंद म्हणजे उलटण्याची भीती अधिक, हे पदार्थविज्ञानाचे प्राथमिक तत्त्व आहे. दुसरे खाते त्याच काळात चाके बाहेर सरकवीत होते. या दोन खात्यांनी परस्परांशी विचारविनिमय करून आपले आकडे ठरविले, असे दिसत नाही. एकाला भूमीची काळजी होती, दुसऱ्याला वस्तूची; स्वार या दोहोंच्या मध्ये बसला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत बोधप्रद प्रसंग आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दोन्ही नियम आपापल्या जागी समर्थनीय होते. पुढे वेगवान वाहने साठ, चौसष्ट आणि बहात्तर इंच रुंदीची होत गेली. ती अधिक स्थिर होती, परंतु त्यांच्या मालकांनी मग वाटाच रुंद करा, अशी मागणी वनाधिकाऱ्यांकडे लावून धरली, आणि संघर्ष पुन्हा मूळ जागी, म्हणजे भूमीवर, येऊन ठेपला.

हेल्मेटचा प्रश्न या नव्या वाहनाने गुंतागुंतीचा केला. मांड ठोकून बसणाऱ्या स्वाराला हेल्मेट हवे, याविषयी जाणकारांत मतभेद नव्हता. परंतु ज्याच्या माथ्यावर लोखंडी सांगाडा आहे आणि जो पट्ट्याने बांधलेला आहे, त्याला ते कशाला, असा प्रश्न विक्रेते व राज्यांचे प्रतिनिधी विचारू लागले, आणि कित्येक राज्यांनी अशा वाहनांतील प्रौढांना सूट दिली. याचे उत्तर अपघातांच्या नोंदींत मिळते. २००३ ते २०११ या काळातील ४२८ घटनांचा आयोगाने तपशिलाने अभ्यास केला. त्यांत २३१ माणसे मेली होती आणि सुमारे ६८ टक्के घटनांत वाहन कुशीवर उलटले होते. ज्यांनी पट्टा बांधला नव्हता त्यांतील बहुतेक बाहेर फेकले गेले व बहुधा वाहनाखाली सापडले. पट्टा नसेल तर सांगाडा हाच घातक होतो. आणि पट्टा असूनही डोके बाजूला झुकून सांगाड्याच्या नळीवर वा बाहेरच्या दगडावर आदळू शकते. म्हणून पट्टा व हेल्मेट यांपैकी एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

या अभ्यासाच्या आधारे आयोगाने नोव्हेंबर २०१४ मध्ये सक्तीच्या नियमाचा मसुदा प्रसिद्ध केला. वाहनाच्या स्थैर्याची किमान मर्यादा, वळणावरील वर्तनाची चाचणी, आणि चालकाने व शेजाऱ्याने पट्टा बांधला नसेल तर वेग ताशी १५ मैलांवर जाऊ नये अशी यंत्रातच योजना, हे त्याचे मुख्य भाग होते. निर्मात्यांच्या संघटनेचा त्याला विरोध होता. त्यांनी आपले ऐच्छिक मानक २०१४ व २०१६ मध्ये सुधारले, आणि मसुदा अंतिम नियमापर्यंत पोचला नाही. मसुद्यात हेल्मेट सक्तीचे का केले नाही, असे कोणी विचारील. त्याचे कारण आयोगाच्या घटनेतच आहे. तो वस्तू कशी असावी हे सांगू शकतो. ती वापरणाऱ्याने डोक्यावर काय घालावे, हे सांगण्याचा अधिकार राज्याचा.

राज्यांपैकी कॅलिफोर्नियाने तो स्पष्टपणे वापरला. १ जानेवारी २०१३ पासून सार्वजनिक भूमीवर अशा वाहनात बसणाऱ्या प्रत्येकाने, वयाचा विचार न करता, हेल्मेट घातले पाहिजे व पट्टा बांधला पाहिजे, असा तेथे कायदा झाला. यूटामध्ये मात्र सक्ती अठरा वर्षांखालीलांपुरतीच राहिली. त्या राज्यात वाहनांना रस्त्यावर आणण्याची परवानगीही उदारपणे दिली गेली, आणि त्यातून नवीच कुरबूर उत्पन्न झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानसेवेच्या प्रादेशिक कार्यालयाने यूटातील उद्यानांचे रस्ते अशा नोंदणीकृत वाहनांना खुले करावेत, असा हुकूम काढला, आणि अंमल होण्यापूर्वीच ऑक्टोबरात तो मागे घेतला. मोआब या गावाने २०२१ मध्ये वाहनांच्या आवाजावर मर्यादा घातली. सप्टेंबर २०२३ मध्ये भूमि-व्यवस्थापन खात्याने मोआबच्या परिसरातील लॅबिरिंथ खोऱ्यातील ३१७ मैल वाटा वाहनांना बंद केल्या. निर्मात्यांनी स्वतःच वाहनांवर ‘फरसबंद रस्त्यावर चालवू नये’ अशी सूचना चिकटवलेली असते, आणि राज्ये तीच वाहने रस्त्यावर येऊ देतात, हा विरोधाभास तेथील लेखकांनी अनेकदा दाखविला आहे. रस्त्याबाहेरचे म्हणून जे वाहन सुरक्षा-मानकांतून सुटले, तेच नंतर रस्त्यावर आले.

ओघात महाराष्ट्राशी असलेल्या एका दुव्याचा उल्लेख केला पाहिजे. युद्धोत्तर काळात मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. त्याच परंपरेतील ‘रॉक्सर’ हे वाहन तिने २०१८ मध्ये मिशिगनमधील कारखान्यातून अमेरिकन बाजारात आणले, आणि तेही रस्त्यावरील मोटार म्हणून नव्हे, तर याच शेजार-आसनी वर्गात. मूळ जीपच्या हक्कदार कंपनीने त्याच्या आकारावरून तक्रार केली व २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने पहिल्या रूपाविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा पुढील बाजूची घडण बदलावी लागली. १९५३ मध्ये रुबिकॉन चढणाऱ्या जीपचे वंशज पासष्ट वर्षांनी मोटार-वाहन या पदवीवाचून परत यावे, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

वेस्ट व्हर्जिनियाचे उदाहरण शेवटी राखून ठेवले, कारण तेथे हे दोन्ही धागे एकाच हाती आले. हे डोंगराळ राज्य एटीव्हीवरील मृत्यूंच्या प्रमाणात देशात अग्रभागी होते, आणि तरीही २००४ पर्यंत तेथे यासंबंधी सर्वंकष कायदा नव्हता. त्या वर्षी झाला तो नेहमीच्या साच्यातला, अठरा वर्षांखालीलांना हेल्मेट. परंतु तत्पूर्वी, १९९६ मध्ये, विधिमंडळाने राज्याच्या दक्षिण भागातील कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात वाटांचे जाळे उभारण्यासाठी एक प्राधिकरण स्थापन केले होते. एकोणिसाव्या शतकात ज्यांच्या वैराने हा प्रदेश गाजला त्या हॅटफील्ड व मकॉय या दोन घराण्यांचेच नाव त्याला दिले गेले. येथील भूमी सरकारी नव्हती. ती खाण व लाकूड कंपन्यांच्या मालकीची होती, आणि अपघात झाला तर आपल्यावर दावा येईल या भीतीने त्या कोणाला आत येऊ देण्यास राजी नव्हत्या. प्राधिकरणाने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि २००० साली वाटा खुल्या झाल्या. ज्याच्या शिरावर दायित्व आले त्याने नियमही केले. परवाना घेतल्याशिवाय प्रवेश नाही, आखलेली वाट सोडून जाणे नाही, मद्यपान नाही, निर्मात्याने जितकी आसने दिली तितकीच माणसे, आणि वय काहीही असो, मानकाप्रमाणे असलेले हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर. विधिमंडळाला प्रौढ नागरिकांवर जी सक्ती करणे जमले नाही ती या प्राधिकरणाने प्रवेशाची अट म्हणून घातली, आणि तिकीट काढून येणाऱ्यांनी ती मान्य केली. वाटेच्या फाटकातून बाहेर पडून गावातील खाणावळीकडे निघालेला प्रौढ स्वार राज्याच्या त्या कायद्यापुरता हेल्मेट काढून मोकळ्या डोक्याने जाऊ शकत असे.